घडी नसलेली प्रथिनं आणि आजीचं लुगडं

इंदुरात मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. एकदा वर्गात भिंतीवर पी53 या प्रथिनाचं चित्र दाखवलं. अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने काढलेलं. मधोमध निळा, घट्ट गुंडाळलेला गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी, वेडीवाकडी शेपटं, ताटात सांडलेल्या शेवेसारखी. पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, हा नारिंगी भाग चुकलाय का? की कॉम्प्युटरला जमलाच नाही?"

प्रश्न अगदी योग्य होता. नारिंगी रंगातून अल्फाफोल्ड सांगतो की इथल्या आकाराबद्दल मला फारच कमी खात्री आहे. पण ही खात्री कमी का, याचं उत्तर बऱ्याचदा असं असतं की त्या भागाला एक ठरलेला आकार मुळात नसतोच. जे नाही ते कोण शोधून काढणार? आणि असे आकार नसलेले भाग आपल्या शरीरात थोडेथोडके नाहीत. माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रथिनांमध्ये 30 अमिनो आम्लांहून लांब असे पट्टे सापडतात. काही प्रथिनं तर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत अशीच.

शास्त्रीय नाव 'इंट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड रीजन'. मराठी करायचं तर 'मुळातच अव्यवस्थित भाग'. हे नाव मला पटत नाही. अव्यवस्थित म्हटलं की आवरायचं राहून गेलेलं घर डोळ्यांपुढे येतं. मी वर्गात 'मोकळे भाग' म्हणते आणि इथेही तसंच म्हणणार आहे.

आधी घडी म्हणजे काय ते पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. मणी 20 प्रकारचे, क्रम जनुकाने ठरवून दिलेला. साखळी तयार झाली की ती स्वतःभोवती दुमडते. पाण्याला टाळणारे मणी आत दडतात, पाण्याशी जमणारे बाहेर येतात आणि एक पक्की घडी बसते. त्या घडीत खाचा असतात, त्या खाचांत दुसरे रेणू नेमके बसतात. एमिल फिशरने 1894 मध्ये यालाच कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती शाळेच्या पुस्तकांत आजवर टिकून आहे. 1958 मध्ये जॉन केंड्र्यूने मायोग्लोबिनचा त्रिमितीय आकार दाखवला. पुढे ख्रिश्चन अनफिन्सेनने सिद्ध केलं की एका प्रथिनाची घडी रसायनांनी उलगडली, मग ती रसायनं काढून घेतली, तर साखळी आपली आपण पुन्हा तशीच दुमडते. घडीची सगळी माहिती मण्यांच्या क्रमातच असते. त्याला 1972 चं नोबेल मिळालं. यातून एक सरळ वाक्य पक्कं झालं: क्रमावरून आकार, आकारावरून काम.

वाक्य खरं आहे, फक्त अपुरं आहे. ते इतकी वर्षं पुरेसं का वाटलं, यामागे एक व्यवहारातलं कारण आहे. प्रथिनाचा आकार पाहायचा तर आधी त्याचा स्फटिक करायचा आणि त्यातून क्ष-किरण सोडायचे, ही मुख्य पद्धत. स्फटिक होण्यासाठी लाखो रेणू एकसारखे, एकाच ठेवणीत रचले जावे लागतात. सतत हलणारी साखळी तशी रचली जात नाही. मग शास्त्रज्ञ ती शेपटं कापून टाकत आणि उरलेल्या गोळ्याचा स्फटिक करत. न कापता स्फटिक झालाच, तर त्या भागाच्या जागी चित्रात काहीच दिसत नसे. साखळी मध्येच तुटते आणि दहा-वीस मण्यांनंतर पुन्हा सुरू होते, अशी चित्रं शोधनिबंधांत सर्रास छापली जात. म्हणजे पुरावा समोर होता, कोऱ्या जागेच्या रूपात. 1990 च्या दशकात पीटर राइट, जेन डायसन, कीथ डंकर, व्लादिमिर उव्हर्स्की अशा लोकांनी त्या कोऱ्या जागेकडे लक्ष वेधलं. एनएमआर या तंत्राने द्रावणातलं, हलतं प्रथिन पाहता येतं. 1996 मध्ये पी21 नावाचं, पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारं प्रथिन असं तपासलं गेलं. एकटं असताना त्याला घडी नव्हती. जोडीदार प्रथिनाला बिलगलं की मात्र ते आकार धरत होतं.

मोकळ्या भागातल्या मण्यांची निवडही वेगळी असते. पाण्याला टाळणारे मणी तिथे कमी, त्यामुळे आत दडून बसायला कोणी नाही. विद्युतभार असलेले मणी जास्त, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. प्रोलिन आणि ग्लायसिन जास्त. हे दोघेही नीटस वळण बसू देत नाहीत. म्हणजे साखळी मोकळी राहणार हेसुद्धा क्रमातच लिहिलेलं असतं. अनफिन्सेनचं म्हणणं इथेही लागू पडतंच. साखळी थांबत नाही, सेकंदाच्या कोटीव्या भागात एका ठेवणीतून दुसरीत जाते. तरी अगदी वाट्टेल तशी नाही. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 मध्ये जो आलेख मांडला, साखळीचा कुठला सांधा किती वळू शकतो हे सांगणारा, त्याची कुंपणं मोकळ्या साखळीलाही असतात.

आता लुगड्याकडे येते, कारण मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला तो तिथे.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी आजी शेवटपर्यंत नऊवारी नेसत होती. पोलकं शिवलेलं. त्याला बाह्या कुठे, गळा कुठे हे शिंप्याने एकदा ठरवलं की ठरलं. दुसऱ्याच्या अंगाला ते येणार नाही. लुगडं मात्र नऊ वार सरळ कापड, त्याला ना बाही ना गळा. खुंटीवर टांगलं तर त्याला काही आकार नाही. सकाळी आजी ते कमरेभोवती घेई, निऱ्या करी, मागे काष्टा खोची, आणि पाहता पाहता ते नेमकं तिच्या अंगाचं होई. स्वयंपाकात पदर कमरेला खोचलेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तोच पदर दोन्ही खांद्यांवरून. उन्हात डोक्यावर. ओच्यात कधी ओल्या शेंगा, कधी देवाची फुलं. लुगडं जुनं झालं की त्याची झोळी, मी त्या झोळीत झोपलेली आहे. झोळीनंतर गोधडी. शिंप्याने त्या कापडाला कुठे कात्री लावली असती, तर यातलं एकही काम पुढे जमलं नसतं.

पी53 तसंच आहे. निळा गोळा म्हणजे पोलकं. तो डीएनएला धरतो, आणि त्याचा आकार बिघडून चालत नाही. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी53 चं जनुक बिघडलेलं आढळतं आणि त्यातले बहुतेक बिघाड याच गोळ्यात असतात. पण 393 मण्यांच्या या साखळीची दोन्ही टोकं मोकळी आहेत. शेवटाकडचा जेमतेम 15 मण्यांचा एक तुकडा घ्या. एका जोडीदाराला बिलगताना तो मळसूत्रासारखा वळतो. दुसऱ्याजवळ सरळ पट्टी होतो. तिसऱ्याजवळ कोपऱ्यासारखा दुमडतो, चौथ्याजवळ नुसता लांब पसरतो. तेच मणी, तोच क्रम, चार जोडीदार आणि चार नेसणी. हे चारही आकार प्रयोगशाळेत पाहिले गेले आहेत. डीएनएला इजा झाली तर दुरुस्ती करायची, विभाजन थांबवायचं की पेशीने मरून जायचं, असा निर्णय ज्याच्या हातून होतो त्या प्रथिनाला अनेकांशी बोलावं लागतं. पक्क्या खाचेत एकच किल्ली बसली असती.

मोकळ्या भागाचा आणखी एक फायदा म्हणजे तो सहज हाताशी येतो. पेशीत कामं चालू-बंद करायची एक नेहमीची रीत आहे: ठरावीक मण्यावर फॉस्फेटचा टिळा लावायचा किंवा पुसायचा. घट्ट घडीच्या आत दडलेल्या मण्याला टिळा लावणार कसा? म्हणून अशा खुणांच्या जागा मोठ्या प्रमाणावर मोकळ्या भागांत असतात. डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरवणारं आरएनए पॉलिमरेज 2 याचं उत्तम उदाहरण. त्याच्या मोठ्या गोळ्याला एक शेपूट आहे. माणसात त्या शेपटीवर 7 मण्यांचा एकच तुकडा थोड्याफार फरकाने 52 वेळा येतो. नक्कल सुरू होताना एका मण्यावर टिळा, ती लांबत जाताना दुसऱ्यावर. ज्या टप्प्याला जो मदतनीस लागतो, तो ती खूण वाचून शेपटीवर येऊन बसतो.

आणि जोडीदार मिळाला की आकार धरायलाच हवा, असंही नाही. हे 2018 मध्ये कळलं आणि भल्याभल्यांना धक्का बसला. प्रोथायमोसिन अल्फा आणि हिस्टोन एच1 ही दोन प्रथिनं. पहिल्यावर एकंदर 44 ऋणभार, दुसऱ्यावर 53 धनभार. दोघं एकमेकांना विलक्षण जोराने धरतात, आणि धरलेलं असतानाही मोकळीच राहतात. ठरलेली खाच नाही, ठरलेला सांधा नाही, तरी मिठी पक्की.

इतकं दूरचं कशाला, आपल्या ओट्यावरच एक उदाहरण रोज उकळत असतं.

अंडं तव्यावर फोडलं की मिनिटभरात पांढरं होऊन गोठतं. अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं घडी घातलेली असतात. उष्णतेने घडी उलगडते, आतले पाण्याला टाळणारे मणी उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि घट्ट जाळं तयार होतं. आता रात्री सराफ्यात जा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाऊगल्ली. तिथे रबडीच्या कढईपुढे उभं राहून पाहा. दूध तासन् तास आटतंय. तो झाऱ्याने कडेची साय ओढून परत मध्ये सोडतोय. दूध दाट होतं, पिवळसर होतं, त्याला खमंग वास सुटतो, पण अंड्यासारखं गोठत नाही. दुधात प्रथिनं तर भरपूर असतात. मग ती का गोठत नाहीत?

कारण त्यातली सुमारे 80 टक्के प्रथिनं केसिन कुळातली, आणि केसिनला पक्की घडी नसते. उलगडायलाच काही नाही, तर उष्णता काय उलगडणार? उरलेल्या 20 टक्क्यांत घडीची प्रथिनं आहेत आणि ती उकळताना उलगडतात. त्यातली बरीचशी केसिनच्या कणांवर जाऊन बसतात आणि दूध दूधच राहतं.

केसिनचं खरं काम तर याहून मोठं आहे. वासराची हाडं वाढायला कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही हवीत. गाईच्या लिटरभर दुधात ग्रॅमभराहून जास्त कॅल्शियम असतं. पण कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा खडा बनतो. साध्या पाण्यात ही दोन्ही इतकी विरघळून राहणारच नाहीत. केसिनच्या साखळीवर फॉस्फेटच्या खुणांचे झुबके असतात. ते या खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांना चहूबाजूंनी वेढतात आणि वाढूच देत नाहीत. मोकळी साखळी हवी तशी वळते म्हणून कण कुठल्याही आकाराचा असला तरी तिला तो वेढता येतो. असे हजारो रेणू मिळून एक कण होतो, आणि दूध पांढरं दिसण्यात त्या कणांचा मोठा वाटा असतो. कणाच्या बाहेर कॅपा-केसिनची मोकळी शेपटं केसांसारखी उभी असतात. ती दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत. चीज करणारे जे विकर वापरतात, ते नेमकी हीच शेपटं कापतं. आपण छेन्यासाठी लिंबू पिळतो तेव्हा आम्लाने त्यांचा भार जातो, केस आडवे पडतात, कण एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं. लिंबाचे थेंब पडल्यावर दुधावर उमटणाऱ्या त्या पहिल्या हिरवट रेषेत हे सगळं चाललेलं असतं. मला ती रेषा पाहायला अजून आवडतं.

गेल्या काही वर्षांत या विषयाला सर्वांत मोठी कलाटणी मिळाली ती थेंबांमुळे. गरम वरणावर साजूक तूप सोडलं की छोटे थेंब तरंगतात, दोन जवळ आले की एक होतात. 2009 मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांच्या गटाने एका सूक्ष्म कृमीच्या अंड्यात असेच थेंब दाखवले. आरएनए आणि प्रथिनांचे कण, ते वाहतात, मिसळतात, विरघळतात. तोवर पेशीतला कप्पा म्हणजे बहुतेक वेळा पडद्याने वेढलेली खोली, असं आपण शिकवत होतो. इथे भिंत नाही, तरी कप्पा आहे. असे थेंब धरून ठेवण्यात मोकळ्या भागांचा मोठा हात असतो. लांब साखळीवर जागोजागी कच्चे आकडे असतात. एकेका आकड्याची पकड कमजोर, क्षणात सुटते आणि शेजारच्याला धरते. सगळे मिळून थेंब टिकतो आणि तरी वाहता राहतो. पेशीवर ताण आला की असे थेंब जमतात, ताण ओसरला की विरतात. केंद्रकाच्या पडद्यातल्या भोकांमध्येही मोकळ्या साखळ्यांचीच दाट जाळी असते. लहान रेणू त्यातून निसटतात, मोठ्यांना ओळखीच्या वाहकाबरोबरच जाऊ दिलं जातं.

तूप थंडीत थिजतं. हे थेंबही थिजू शकतात, आणि तिथे दुखणं सुरू होतं.

माझे आजोबा एका पेढीवर हिशेब लिहीत. अक्षर टपोरं, वळणदार, ओळीला चिकटलेलं. नंतर घरखर्चाची वही लिहायचे. त्या वहीची पानं उलटली की दिसतं, अक्षर महिन्यामहिन्याला बारीक होत गेलंय. ओळ सुरू होताना जरा मोठं, शेवटाला मुंगीएवढं. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. हात थरथरायला लागला तेव्हा कळलं की पार्किन्सन आहे. अक्षर बारीक होणं हे त्याचं ओळखीचं लक्षण, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर वहीत लिहिलेलं होतं.

या आजारात मेंदूच्या पेशींत गाठोडी साचतात. त्यात मुख्यत्वे अल्फा-सिन्युक्लीन असतं, हे 1997 मध्ये समजलं. त्याच वर्षी असंही कळलं की या प्रथिनातला एकच मणी बदलला तर घराण्यात पार्किन्सन उतरू शकतो. 140 मण्यांचं हे प्रथिन, एकटं असताना मोकळं. चेतापेशीच्या टोकाशी, निरोपाच्या रसायनांच्या पिशव्यांजवळ त्याचा वावर. पिशवीच्या पडद्यावर टेकलं की मळसूत्र होतं, सुटलं की पुन्हा मोकळं. पण कधी तरी काही साखळ्या एकमेकींना सपाट चिकटतात, पट्टीवर पट्टी बसते आणि धागा तयार होतो. तो धागा शेजारच्या साखळ्यांनाही आपल्यासारखं करून घेतो. थिजलेलं तूप डबा शेगडीजवळ ठेवला की विरघळतं. हे धागे असे सहजी विरघळत नाहीत. अल्झायमरमधलं टाऊ हेही असंच मोकळं प्रथिन. स्नायू दुबळे करत नेणाऱ्या एएलएस या आजाराच्या काही रुग्णांत एफयूएस हे थेंब करणारं प्रथिन बिघडलेलं आढळतं. म्हणजे कुठलाही आकार घेता येण्याची जी मुभा आहे, तिच्यातच एका घातक आकारात अडकून पडण्याची जोखीमही आहे. यांच्यावर औषध शोधणं कठीण जातं, कारण बहुतेक औषधं प्रथिनाच्या एखाद्या पक्क्या खाचेत बसून काम करतात आणि इथे खाच एका क्षणापुरती असते.

आकार धरणं म्हणजे दर वेळी अडकणंच, असं मात्र नाही. याचं उदाहरण आमच्या मालव्याच्या शेतातच आहे. 1981 मध्ये लिऑन ड्यूर यांनी कापसाच्या बीवर काम करताना एक प्रथिनांचं कुळ ओळखलं. बी पक्व होऊन सुकत येतं त्या शेवटच्या टप्प्यात ही प्रथिनं भरपूर तयार होतात. त्यांना एलईए म्हणतात. सोयाबीनच्या दाण्यातही ती असतात. दाण्यात ओल असते तोवर त्यांतली बरीच मोकळी. पाणी जात राहिलं की त्यांतली काही मळसूत्रासारखी वळतात. सुकताना पेशीतली इतर प्रथिनं एकमेकांना चिकटून खराब होऊ नयेत, पडदे फाटू नयेत, म्हणून ही मध्ये उभी राहतात. कोठीत पोत्यातलं बियाणं महिनोन् महिने कोरडं पडून असतं, आणि तरी जिवंत असतं.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. तिच्या घरची शेती देपालपूरकडे आहे. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे पेरणीनंतर पाऊस पडला की ते पुन्हा नारिंगी होणार?"

हो. मृगाची सर येते, दाणा पाणी ओढतो, टरटरून फुगतो, आणि आतली ती वळलेली साखळी पुन्हा मोकळी होते.